फॉलोअर आहेत, ऑर्डर नाहीत: सोलापुरी चादरीच्या वेबसाइटचं काय दुरुस्त करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या दोघा मित्रांनी चादरी आणि टॉवेल विकणारी वेबसाइट सुरू केली, त्याला सहा महिने झाले. इन्स्टाग्रामवर नऊ हजार फॉलोअर आहेत, यंत्रमागाच्या रील्स चांगल्या चालतात, जाहिरातीवर महिन्याला १५,००० रुपये जातात, आणि ऑर्डर येतात वीसच्या आसपास. डिझायनर ठेवणं परवडत नाही. रोज पोस्ट टाकावी का, जाहिरात वाढवावी का, की वेबसाइटच नव्याने करून घ्यावी?

उत्तर आधी देऊन टाकतो. रोज पोस्ट नको, वेबसाइट नव्याने करू नका आणि जाहिरात पंधरा दिवस बंद ठेवा. तुमच्याकडे माणसं येतायत, पण त्यांना हवं ते दिसत नाही म्हणून परत जातायत. त्यांना काय हवंय हे त्यांनी तुम्हाला लिहून कळवलेलंही आहे. ते तुमच्या इनबॉक्समध्ये पडून आहे.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरचे शेवटचे दोनशे मेसेज एका शीटमध्ये उतरवा. मेसेज जसाच्या तसा, शेजारी तो कशाबद्दल आहे ते एका शब्दात, आणि त्या माणसाने पुढे ऑर्डर दिली की नाही. या धंद्यात बहुतेक प्रश्न सात-आठ प्रकारांत बसतात: किंमत काय, साइज काय, रंग जातो का, खरी सोलापुरी आहे का, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का, किती दिवसांत येईल, आवडली नाही तर परत घेणार का, आणि लग्नाला पन्नास नग लागले तर काय भाव. ज्या प्रश्नाची संख्या जास्त, त्याचं उत्तर वेबसाइटवर तितकं वर आलं पाहिजे. तुमच्या साध्या डिझाइनचा आराखडा हाच. रंग, फॉन्ट, लोगो हे सगळं त्यानंतर.

किमतीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गळती तिथे होते. कमेंटमध्ये कुणी किंमत विचारली की ‘डीएम केलंय’ असं उत्तर देण्याची पद्धत पडली आहे. त्याने कमेंटची संख्या वाढते हे खरं, पण विचारणाऱ्याला वाटतं की माणूस बघून भाव सांगतात. किंमत पोस्टवर लिहा, कॅप्शनच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि ती घरपोच किंमत असू द्या. ९९० दाखवून शेवटच्या पानावर ११० डिलिव्हरी जोडण्यापेक्षा सरळ १,१०० लिहिलेलं बरं. शेवटच्या पायरीला आकडा वाढला की गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरतं. शिवाय किंमत अशी हप्त्याहप्त्याने उघड करणं केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेलं आहे. खोटं ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटं मोजणारं घड्याळही त्याच यादीत येतं. तुमच्या वेबसाइटच्या तयार थीमसोबत असलं घड्याळ फुकट आलं असेल तर काढून टाका.

साइजचं उत्तर आकड्यात देऊन भागत नाही. ६० × ९० इंच म्हणजे किती हे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसलेल्या बाईंना डोळ्यांपुढे आणता येत नाही. चार फुटी दिवाणावर चादर अंथरून फोटो काढा आणि फोटोवरच लिहा: ‘४ × ६ फुटी दिवाण, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच खाली येते.’ दुसऱ्या फोटोत एखाद्याच्या अंगावर पांघरलेली दाखवा, पाय झाकले जातात हे दिसू द्या. टॉवेलला वजन सांगा. जीएसएम (चौरस मीटरमागे किती ग्रॅम) हा शब्द फार थोड्यांना कळतो, पण काट्यावर ठेवलेला टॉवेल सगळ्यांना कळतो. हिशोब सोपा आहे. ३० × ६० इंची टॉवेलचं क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर, म्हणजे ४५० जीएसएमचा टॉवेल साधारण ५२० ग्रॅम भरायला हवा. काट्यावर चारशेच भरला तर आधी कारखानदाराशी बोला, मग फोटो काढा.

रंगाबद्दल खरं तेच लिहा. गडद लाल किंवा निळ्या चादरीचा रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटत असेल तर ‘पहिले दोन-तीन वेळा वेगळी धुवा, गार पाणी वापरा’ ही ओळ पानावर हवी. नवा टॉवेल पहिल्या एक-दोन धुण्यांपर्यंत पाणी नीट टिपत नाही, कारण कापडावर फिनिशिंगचा थर असतो. हे आधी सांगितलं तर तक्रार येत नाही, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

‘खरी सोलापुरी का?’ हा प्रश्न तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे आणि बहुतेक जण तो वाया घालवतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, आणि बाहेर विणलेला मालही याच नावाने बाजारात फिरतो. पण जीआयचं चिन्ह गूगलवरून उचलून पोस्टवर चिकटवू नका. ज्याच्याकडून माल घेता तो नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता आहे का हे विचारा, नोंदणीचा पुरावा पाहा, आणि मगच दावा करा. नोंदणी नसेल तर ‘अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागावर विणलेली’ इतकं खरं वाक्य, मागाच्या व्हिडिओसकट, पुरेसं वजनदार आहे. अर्थात ती तिथे विणलेली असेल तरच.

आता फोटो. फोन पुरतो. उत्तरेकडची खिडकी किंवा सावलीतला व्हरांडा, सकाळी दहाच्या आत; मेचं ऊन सोलापुरात नऊ वाजताच पांढरं पडतं, त्या दिवसांत आणखी लवकर उरका. लाल रंग फोनच्या कॅमेऱ्यात भडकतो आणि त्यातली वीण दिसेनाशी होते. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. चौकटीच्या कडेला पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या, म्हणजे नंतर रंग जुळवताना आधार मिळतो. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच विणलेल्या, बारीक नक्षीवर कधी कधी लाटांसारखे पट्टे उमटतात. कॅमेऱ्याची जाळी आणि कापडाची वीण एकमेकींवर आल्याने ते होतं. फिल्टरने जात नाही. एक पाऊल मागे सरका किंवा कोन थोडा बदला. प्रत्येक डिझाइनचे पाच फोटो लागतात: पूर्ण चादर, दिवाणावर, विणीचा जवळून, उलटी बाजू, आणि घडी घालून हातात धरलेली. उलटी बाजू विसरू नका. जॅकार्ड चादरीत दोन्ही बाजूंना नक्षी येते, हे गावाबाहेरच्या पुष्कळांना माहीतच नसतं.

वेबसाइट नव्याने करण्याऐवजी उत्पादनाचं पान आणि चेकआउट (पत्ता आणि पैसे भरण्याचं पान) एवढीच दोन पानं हाती घ्या. जाहिरातीतून किंवा रीलमधून येणारा माणूस होमपेजवर आणायचाच नाही. ज्या चादरीची रील, त्याच चादरीचं पान उघडलं पाहिजे. स्वस्तातल्या फोनवर पान उघडल्यावर न सरकवता चार गोष्टी दिसाव्यात: फोटो, नाव आणि साइज, घरपोच किंमत, आणि एक बटण. व्हॉट्सॲपचं तरंगतं बटण, चॅटबॉट आणि ‘१०% सूट’ची खिडकी एकाच वेळी उघडत असेल तर दोन बंद करा. होमपेजवरचा सरकता स्लायडर काढा. दुसरी-तिसरी स्लाइड कुणी पाहत नाही आणि त्यापायी पान जड होतं. मुख्य फोटो वेबपी या हलक्या फाइलच्या स्वरूपात, दीडशे केबीच्या आत ठेवा. गूगलच्या मोजणीत पानातला सगळ्यात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनात मोबाइलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा बघून खूश होऊ नका.

अक्षरांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मराठी साइटवर इथे हमखास घोळ होतो. फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो वेबवर चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात, आणि चित्र म्हणून टाकला तर गूगलला नीट वाचता येत नाही. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. फॉन्ट एकच घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही मोफत आहेत. वजनं दोनच, साधं आणि ठळक. मजकूर १६ पिक्सेलच्या खाली नको. फॉर्मच्या चौकटीतली अक्षरं त्याहून लहान असली तर आयफोनवर टाइप करताना पान आपोआप मोठं होतं आणि माणूस गोंधळतो. वेलांट्या आणि उकारांना जागा लागते, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीड ते पावणेदोन पट ठेवा. इंग्रजी टेम्पलेटमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. ते शून्य करा, नाहीतर शिरोरेखा तुटून ‘सोलापूर’चे तुकडे पडतात. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘श्रद्धा’, ‘चादरींच्या’ हे शब्द टाइप करून पाहा. तिथेच कळतं तो मराठीला चालेल की नाही.

रंग तीन पुरतात: पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, गडद अक्षरं, आणि बटणाला एक ठसठशीत रंग जो दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही. चादरीच मुळात रंगीत आहेत, पानाने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. कॅन्व्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये तीन टेम्पलेट बनवा: किमतीची पोस्ट, प्रश्नोत्तराची पोस्ट आणि गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो. वर्षभर त्यावरच काम करा. छापखान्याची फाइल वापरणार असाल तर आधी आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) बदलून घ्या. छपाईच्या रंगांची सीएमवायके फाइल फोनवर मळकट दिसते.

चेकआउट तुम्ही बहुधा क्रोममध्ये तपासलं असेल. तुमचं गिऱ्हाईक मात्र इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये असतं, आणि तिथे गोष्टी वेगळ्या वागतात. गूगलने लॉगिन करण्याचं बटण तिथे चालत नाही, कारण असं लॉगिन गूगलच अडवतं. यूपीआय ॲप उघडताना काही फोनवर पान अडकतं. त्यामुळे लॉगिनची सक्ती काढा आणि पाहुणा म्हणून ऑर्डर देता येऊ द्या. नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड एवढंच मागा. ॲप उघडलं नाही तर पेमेंट लिंक मागवून पैसे भरता येतील अशी सोय ठेवा. तीन वेगवेगळ्या फोनवर, इन्स्टाग्राममधूनच लिंक उघडून, खरे पैसे भरून ऑर्डर पूर्ण करा. तुमच्या गळतीतला मोठा वाटा इथेच सापडला तर मला नवल वाटणार नाही.

पानाच्या तळाशी व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, परत घेण्याचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव हवं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. दोघांपैकी एकाचं नाव घाला. पुढे शेंगा चटणी विकायचा विचार असेल तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) क्रमांकही लागेल.

सोशल मीडियावर आठवड्याला तीन पोस्ट बास. एक रील, एक प्रश्नोत्तराचं कॅरोसेल (सरकवून बघायची अनेक चित्रांची पोस्ट), एक गिऱ्हाइकाचा फोटो (परवानगी घेऊन). मागाच्या रील्स चालतात, पण त्या बघणाऱ्यांना माग आवडतो. चादर घ्यायची आहे असं त्यांच्या मनातही नसतं. म्हणून रीलची मांडणी उलटी करा. पहिल्या दोन सेकंदांत प्रश्न, म्हणजे ‘ही चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते का?’, मग मागाचं दृश्य, मग उलटून दाखवलेली चादर, शेवटी साइज आणि किंमत. वीस सेकंद पुरतात. १०८० × १९२० च्या चौकटीत वरचे सुमारे २७० पिक्सेल मोकळे ठेवा; खालचा एक तृतीयांश भागही मोकळा हवा, तिथे नाव आणि बटणं येतात. बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी बहुधा वापरता येत नाहीत. मागाचा खडखडाट जसा आहे तसा ठेवा. तो आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही. साध्या पोस्टसाठी १०८० × १३५० हे माप घ्या. प्रोफाइलच्या नावाच्या जागी ब्रँडसोबत ‘सोलापुरी चादर’ हे शब्द असू द्या, कारण शोधताना इन्स्टाग्राम ती जागा वाचतं. शुभ सकाळ, जागतिक अमुक दिन आणि प्रत्येक सणाचं बॅनर या पोस्ट बंद. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची पोस्ट टाकायची असेल तर जरूर टाका, ते आपलंच आहे.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर नुसता पत्ता दिसतो की फोटो, नाव, किंमत दिसते, हे तपासा. त्यासाठी पानाच्या कोडमध्ये ओपन ग्राफचा, म्हणजे लिंकसोबत दिसणारा, फोटो द्यावा लागतो: १२०० × ६३० पिक्सेल, तीनशे केबीच्या आत, महत्त्वाचा भाग मधोमध. फोटो बदलूनही जुनाच दिसत राहिला तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पुन्हा वाचायला लावा. घरच्या ग्रुपवर एखाद्या मावशीने टाकलेली ही लिंक तुमच्या कुठल्याही बॅनरपेक्षा जास्त काम करते. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो, म्हणून पार्सलमध्ये नंबर सेव्ह करायला सांगणारी चिठ्ठी घाला.

जाहिरात पुन्हा सुरू करण्याआधी एका ऑर्डरचा हिशोब मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे घाला. घरपोच किंमत १,१००. खरेदी ६२०, पॅकिंग ३०, कुरिअर ११०, पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून २६, परत येणाऱ्या मालासाठी बाजूला ४०. खर्च ८२६, हातात २७४. तुम्ही १५,००० घालून वीस ऑर्डर आणताय, म्हणजे ऑर्डरमागे ७५०. प्रत्येक चादरीमागे ४७६ रुपये खिशातून जातायत, आणि जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटी यात धरलेलाच नाही. अशा वेळी जाहिरात वाढवणं म्हणजे तोटा वाढवणं. दोनचा संच २,१५० ला विकलात तर खरेदी १,२४०, पॅकिंग ४०, कुरिअर १६०, गेटवे ५१, परतीसाठी ६० जाऊन हातात ५९९ राहतात. जाहिरात चालवायचीच तर संचाची चालवा, सुटी चादर साइटवर असू द्या.

इन्स्टाग्राम पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबू नका. ते बहुतेक वेळा लाइक आणि व्ह्यू आणतं, जे तुमच्याकडे आधीच आहेत. मेटाच्या (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) ॲड्स मॅनेजरमधून विक्रीचं उद्दिष्ट निवडा. मेटाच्या यंत्रणेला शिकायला एका ॲड सेटमागे (एका बजेटखालच्या जाहिरातींच्या गटामागे) आठवड्याला सुमारे ५० घटना, म्हणजे खरेदीसारख्या नोंदल्या जाणाऱ्या कृती, लागतात. दिवसाला ५०० म्हणजे आठवड्याला ३,५००. भागिले ५०, सत्तर रुपये. सत्तर रुपयांत खरेदी मिळणार नाही, त्यामुळे सुरुवातीला ‘कार्टमध्ये टाकलं’ किंवा ‘चेकआउट सुरू केलं’ ही घटना द्या, आणि खरेदी वाढली की तिकडे वळवा. हे ५०० शंभर-शंभरच्या पाच ॲड सेटमध्ये वाटू नका, पाचही उपाशी राहतात. एकच सेट, त्यात चार वेगळे फोटो-व्हिडिओ, आणि एक आठवडा हात लावायचा नाही. भागांमधून सोलापूर शहर वगळा. इथला माणूस दुकानात जाऊन हाताने चाचपून घेतो, तो घरपोचचे पैसे का देईल? पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नाशिक ठेवा. तिथे राहणाऱ्या सोलापूरकराला हाक मारणारी एक जाहिरात करून बघा: ‘हुतात्मा एक्सप्रेसने येताना चादर आणायची राहिली?’ त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

प्रत्येक लिंकला यूटीएम खूण (माणूस कुठून आला हे सांगणारी पत्त्याची शेपटी) लावा: बायोची वेगळी, स्टोरीची वेगळी, जाहिरातीची वेगळी, पार्सलमधल्या क्यूआरची वेगळी. सोमवारी एका शीटमध्ये फक्त चार आकडे भरा: पानावर आलेले, कार्टमध्ये टाकणारे, पैसे भरणारे, परत आलेली पार्सलं. फॉलोअरचा रकाना ठेवूच नका.

कॅश ऑन डिलिव्हरीत माल परत येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि जाण्या-येण्याचं कुरिअर तुमच्या अंगावर पडतं. ऑर्डर आल्यावर व्हॉट्सॲपवर पत्ता खात्री करून घ्या, आणि आधी १०० रुपये भरायला सांगा. घेणारा भरतो. कुरिअरचं वजन नुसतं काट्यावरचं नसतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या ५,००० ने भागतात. ४० × ३० × १० चं पार्सल २.४ किलो धरलं जातं. घडी दाबून उंची ६ वर आणली तर १.४४ किलो. घडी कशी घालायची हे एकदा ठरवून पॅकिंग करणाऱ्याला दाखवून द्या.

राहिला घाऊक. लग्नातल्या आहेराचे टॉवेल, संस्थांच्या दिवाळी भेटी, सत्कार यांची ऑर्डर एकेका चादरीच्या शंभर ऑर्डरांपेक्षा कमी त्रासाची असते. त्यासाठी वेगळं पान करा: २५, ५० आणि १०० नगांचे भाव उघड लिहिलेले, नाव छापून मिळेल का, किती दिवस लागतील, आगाऊ किती. मराठीसोबत कन्नड आणि तेलुगूतही तेवढं एक पान ठेवा. कलबुर्गी, विजयपूर आणि हैदराबादकडून विचारणा येऊ शकते, आणि भाषांतर तपासणारं माणूस सोलापुरात गल्लीत सापडतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पण आहेराची खरेदी त्याआधीच ठरलेली असते. हे पान नवरात्रापर्यंत तयार असू द्या, आणि त्याची जाहिरात कोजागरीच्या आसपास सुरू करा.